भारतीय बास्केटबॉलच्या पराभवाचा जाब कोणाला विचारायचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरात आशिया चषक बास्केटबॉल स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने जॉर्डनला घाम फोडला. हा जॉर्डन २०२३ चा विश्वचषक खेळून आलेला संघ. चाळीस मिनिटांत निकाल लागला नाही, जादा पाच मिनिटे खेळवावी लागली आणि मग भारत ८४-९१ असा हरला. पुढच्या सामन्यात चीनने १००-६९ ने हरवले, त्यापुढच्या सामन्यात यजमान सौदी अरेबियाने ८४-५० ने. तीन सामने, तीन पराभव आणि परतीचे विमान.

अशा वेळी हळहळायचे आणि विसरून जायचे, ही आपली रीत. यावेळी ती मोडू या. हा संघ छातीवर देशाचे नाव लावून उतरतो, त्याच्या सरावशिबिरांना तुमच्या-आमच्या करातून पैसा जातो, म्हणून त्याच्या यशापयशाचा हिशेब मागण्याचा हक्क आपला आहे. तो मुद्देसूद मांडतो.

१. आधी बळाची बाजू, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचा राग कळणार नाही. जुलै २०१४ मध्ये चीनमधल्या वुहानमध्ये भारताने चीनला त्याच्याच प्रेक्षकांसमोर ६५-५८ ने हरवले. सप्टेंबर २०१६ मध्ये तेहरानला फिलिपिन्सला ९१-८३ ने आणि पुन्हा चीनला ७०-६४ ने. समोरच्यांनी पूर्ण ताकद उतरवली नव्हती असे म्हणणारे म्हणोत; मैदानात उतरतो तो देशाचाच संघ असतो आणि फलकावर नाव देशाचेच लागते. त्या वर्षांतले आपले खेळाडू आठवा. वाराणसीचा विशेष भृगुवंशी, पंजाबचे अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग. अमृतपाल शेतात राबणारा, कबड्डी खेळणारा पोरगा. वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षी त्याच्या हातात हा चेंडू आला आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्यावसायिक लीगमधल्या सिडनी किंग्जने त्याला करारबद्ध केले. बार्नाला जिल्ह्यातल्या खेड्यातला सतनाम सिंग २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडला; भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. जो देश अठराव्या वर्षी खेळ शिकलेल्या मुलाला परदेशी व्यावसायिक संघात पोचताना पाहतो, त्या देशात गुणवत्तेचा दुष्काळ आहे असे कोणी म्हणू नये.

२. मग हरतो का? सगळ्यांत सोपे उत्तर असते, ‘आपली माणसं बुटकी’. हे उत्तर देणाऱ्यांनी जपानच्या मुलींकडे पाहावे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, त्यांनी रौप्यपदक जिंकले. अंतिम सामन्यात त्या अमेरिकेकडून ७५-९० ने हरल्या, पण तिथवर पोचल्या. त्या स्पर्धेतल्या ठेंगण्या संघांत त्यांची गणना होती. प्रशिक्षक टॉम होवास यांनी उंचीचे रडगाणे गायले नाही; वेग, दम आणि पावणेसात मीटरवरून तीन गुणांचा अचूक नेम यांवर संघ बांधला. त्यानंतर दोन महिनेही उलटले नव्हते, तेव्हा अम्मानमध्ये आशिया चषकात जपानने भारताच्या मुलींना १३६-४६ ने हरवले. नव्वद गुणांचे अंतर. उंचीतला फरक नव्वद गुणांचा होता काय? आपल्याकडे तर सात फुटांचे तरुण आहेत, आणि तरीही आपण हरतो. उंची निसर्ग देतो, नेम आणि दम सराव देतो. कमतरता दुसऱ्या गोष्टीची आहे.

३. इतिहासाचा दाखला देताना आपण थोडी लबाडी करतो, तीही थांबवू या. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारतीय बास्केटबॉल संघ खेळला, हे अभिमानाने सांगितले जाते. अनेक देशांनी बहिष्कार घातल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर तो गेला, सातच्या सात सामने हरला आणि बारा संघांत बारावा आला, हे सांगितले जात नाही. खरा अभिमान वाटावा असे वर्ष १९७५ चे: बँकॉकमधल्या आशियाई स्पर्धेत भारत चौथा आला होता. त्यानंतर पन्नास वर्षे झाली, त्या चौथ्या क्रमांकाच्या वर आपण गेलेलो नाही. मधली बरीच वर्षे आशियाई स्पर्धेचे दार आपल्याला दक्षिण आशियाई गटातून उघडत असे. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव यांना हरवायचे आणि पुढे जायचे. २०१७ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिबाने, पद्धत बदलली. घरच्या आणि परक्या मैदानावर आलटून पालटून पात्रता सामने सुरू झाले आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडही आशियाच्या स्पर्धेत आले. नव्या पद्धतीतल्या पहिल्याच विश्वचषक पात्रता फेरीत लेबनॉन, जॉर्डन आणि सीरिया यांच्या गटात आपण सहापैकी सहा सामने हरलो. आपण मागे गेलो की जग पुढे गेले, हा वाद निरर्थक आहे. जग पुढे जाताना आपण शेजाऱ्यांवरच्या विजयांवर समाधान मानून बसलो होतो.

४. आता प्रत्यक्ष खेळाकडे. जेद्दातले तीन निकाल पुन्हा ओळीने वाचा: सात गुणांनी हार, मग एकतीस, मग चौतीस. पहिल्या दिवशी हा संघ विश्वचषक खेळलेल्या संघाच्या बरोबरीने पळतो आणि चार-पाच दिवसांत त्याचे पाय जड होतात. याचा अर्थ जाणकारांना सांगायला नको. पहिले पाच-सहा खेळाडू आणि त्यांच्या जागी बाकावरून येणारे, यांच्यात अंतर फार आहे. जॉर्डनसमोर सगळे ओतून झाल्यावर पुढच्या सामन्यासाठी ताजे पाय उरत नाहीत.

दुसरी उणीव चेंडू सांभाळण्याची. या खेळात आठ सेकंदांत चेंडू आपल्या अर्ध्यातून पुढे न्यावा लागतो आणि चोवीस सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागतो. समोरचा संघ अंगावर येऊन दाबायला लागला की आपल्या पॉइंट गार्डची घालमेल सुरू होते. पास अडतो, चेंडू हातचा जातो आणि दुसऱ्या टोकाला सोपा लेअप होतो. आपले उंच सेंटर बास्केटखाली हात वर करून उभे राहतात आणि चेंडू त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तिसरी उणीव लांबून नेम धरणाऱ्यांची. दोन-तीन जण सोडले तर बाकीच्यांना मोकळे सोडले तरी चालते, हे प्रतिस्पर्ध्याला ठाऊक असते. मग तो आत गर्दी करतो आणि आपल्या उंचीचाही उपयोग संपतो.

ही दुखणी जेद्दाला जडत नाहीत. ती बाराव्या वर्षी जडतात. आपल्या बहुतेक शाळांत सिमेंटचे किंवा डांबराचे कोर्ट आहे, पावसाळ्यात चार महिने निसरडे आणि उन्हाळ्यात तापलेले. चोवीस सेकंदांचे घड्याळ जिल्हा पातळीवरच्या किती मैदानांवर दिसते? मुलगा उंच निघाला की त्याला बास्केटखाली उभा करायचा आणि ‘रिबाउंड पकड’ एवढेच सांगायचे. त्याला चेंडू हाताळायला, धावताना पास द्यायला शिकवायचे नाही, कारण रविवारी आंतरशालेय सामना जिंकायचा आहे. ज्या मुलाने वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत घड्याळाविरुद्ध खेळ केलाच नाही, त्याने इराणच्या किंवा लेबनॉनच्या दबावाखाली चोवीस सेकंदांत योग्य निर्णय घ्यावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. मैदानावर चुकतो तो खेळाडू, पण ती चूक त्याला शिकवली गेलेली असते.

५. सगळ्यांत मोठा मुद्दा हा: खेळाडू वर्षभर खेळतो कुठे? लेबनॉनचे उदाहरण घ्या. अर्ध्या कोटीच्या आसपास लोकसंख्या, यादवी पाहिलेला, आर्थिक अरिष्टात रुतलेला देश. २०२२ च्या जकार्तातल्या आशिया चषकात त्याने आपल्याला १०४-६३ ने हरवले आणि पुढे अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला अवघ्या दोन गुणांपर्यंत झुंजवले. त्याच स्पर्धेत न्यूझीलंडने आपल्याला १००-४७ ने आणि फिलिपिन्सने १०१-५९ ने धूळ चारली. फिलिपिन्सची व्यावसायिक लीग १९७५ पासून चालू आहे. लेबनॉनच्या खेळाडूला घरी परतल्यावर लीगचे सामने असतात, प्रेक्षक असतात, दर आठवड्याला कस लागतो. आपला खेळाडू परततो तो कार्यालयातल्या टेबलाशी.

आपल्याकडे इतकी वर्षे अशी लीग का नव्हती? २०१० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी तब्बल ३० वर्षांचा करार केला. व्यावसायिक लीगचे स्वप्न दाखवले गेले. त्या स्वप्नाची वाट पाहत खेळाडूंची एक अख्खी पिढी, चीनला हरवणारी पिढी, तिशी ओलांडून गेली. मध्ये २०१५ ते २०१७ या काळात यूबीए नावाची लीग झाली, तिला महासंघाची मान्यता नव्हती. महासंघाच्या मान्यतेने आयएनबीएल ही लीग अवतरली तेव्हा २०२२ साल उजाडले होते. बारा वर्षे! खेळाडूची ऐन उमेद साधारण तेवढ्याच वर्षांची असते.

आणि त्या बारा वर्षांत पदाधिकारी काय करत होते? २०१५ मध्ये महासंघ फुटला. एका गटाची निवडणूक पुण्यात, दुसऱ्याची बेंगळुरूत. खरा महासंघ कोणता, हे ठरवायला शेवटी फिबाला बोलावे लागले. गंमत म्हणून नव्हे, दुःखाने सांगतो: त्याच सुमारास जपानही अशाच भांडणात होता. दोन समांतर लीग, एकमेकांशी पटत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये फिबाने जपानला निलंबित केले. जपानने काय केले? फुटबॉलची लीग उभी करणाऱ्या सबुरो कावाबुची यांना पाचारण केले, दोन्ही लीग मोडून एक केली, २०१५ मध्ये निलंबन उठवून घेतले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये नवी बी-लीग सुरू केली. २०२३ च्या विश्वचषकात जपानच्या पुरुष संघाने फिनलंड, व्हेनेझुएला आणि केप वर्दे यांना हरवले आणि पॅरिस ऑलिंपिकची पात्रता मिळवली. दुखणे दोघांचे एकच होते. त्यांनी शस्त्रक्रिया केली, आपण खुर्ची कोणाची यावर न्यायालयात गेलो.

६. प्रशिक्षकांबद्दल थोडक्यात. केनी नॅट आले, गेले. स्कॉट फ्लेमिंग आले. त्यांच्या हाताखाली वुहानचा विजय मिळाला, आणि २०१५ मध्ये तेही गेले. वेसेलिन मॅटिच आले, गेले. २०२४ मध्ये पुन्हा फ्लेमिंग यांनाच बोलावण्यात आले. माणूस योग्य होता तर जाऊ का दिला? दहा वर्षांत बाकीचे संघ एकाच पद्धतीने बांधले गेले, आपण दर वेळी पायापासून सुरुवात केली. पद्धत टिकत नसेल तर प्रशिक्षकाच्या पासपोर्टचा रंग कोणता, याला काही अर्थ नाही.

७. नोकऱ्यांविषयी बोलताना मी जपून बोलेन, कारण रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, केरळचे वीज मंडळ यांनी हा खेळ आजवर जगवला. क्रीडा कोट्यातली ती नोकरी नसती तर कित्येक घरांनी आपल्या मुलामुलींच्या हातातला चेंडू काढून घेतला असता. पण त्या व्यवस्थेची मर्यादाही सांगायला हवी. तिथे नोकरी मिळणे हेच शिखर ठरते. बाविसाव्या वर्षी कायमची नेमणूक झाली की घर सावरते, आईवडील सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमक्या त्याच वर्षी खेळाडूच्या सुधारणेचा वेग मंदावतो. वर्षाकाठी मोजक्या स्पर्धा, तेच प्रतिस्पर्धी, तेच निकाल. याचा दोष खेळाडूला देणारा माणूस मध्यमवर्गीय घरात वाढलेला नसावा. पर्याय दिला नाही, मग त्याने सुरक्षितता निवडली म्हणून बोट दाखवणे हा दुटप्पीपणा आहे.

८. महिला संघाची कहाणी याहून बोचरी आहे. जुलै २०१७ मध्ये बेंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियममध्ये भारताच्या मुलींनी आशिया चषकाच्या ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ ने हरवले आणि ‘अ’ गटात, आशियातल्या पहिल्या आठांत, प्रवेश मिळवला. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. पुढे ती भारताची कर्णधार झाली. पाठोपाठ २०१९ ची ‘अ’ गटाची स्पर्धाही बेंगळुरूतच भरली. जपान, कोरियासारखे संघ घरी येणार होते. तयारीला दोन वर्षे हातात होती. मुली एकही सामना जिंकू शकल्या नाहीत, आठव्या आल्या. २०२१ मध्ये अम्मानला ‘अ’ गटातली जागा राखायची लढत फिलिपिन्सशी झाली आणि ती ७०-७४ ने गेली. चार गुण! दोन बास्केट!

चार गुणांची ती दरी भरायला काय लागले असते? चार-सहा परदेशी सराव सामने, सलग शिबिर, एक दमसासाची तयारी करून घेणारा तज्ज्ञ, एक फिजिओ. अनिता पॉलदुराई यांनी सुमारे अठरा वर्षे देशाची जर्सी घातली. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याआधी २०१९ मध्ये प्रशांती सिंग यांना. गीतू अण्णा जोस २०११ मध्ये अमेरिकेत महिलांच्या व्यावसायिक लीगच्या निवड चाचणीपर्यंत पोचल्या. सन्मान द्यायला आपण विसरत नाही, म्हणून आणखी राग येतो. पदक गळ्यात घालणारे हात सामन्याआधीच्या दोन वर्षांत कुठे असतात? मुलींनी जिंकून दार उघडले होते, ते उघडे ठेवणे हे प्रशासनाचे काम होते आणि ते झाले नाही.

९. काही जण म्हणतात, परदेशी खेळाडू आणा. फिबाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक संघाला मोठेपणी नागरिकत्व घेतलेला एक खेळाडू खेळवता येतो आणि फिलिपिन्स, लेबनॉन, जॉर्डन असे खेळाडू सर्रास उतरवतात. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, आणि २००८ पासून केंद्र सरकारचे धोरण असे की भारतीय पासपोर्ट असेल त्यानेच भारताकडून खेळावे. कॅनडा-अमेरिकेत वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलांसाठी यावर फेरविचार व्हावा, असे माझेही मत आहे. पण एक उसना खेळाडू सात गुणांची हार विजयात बदलेल. चौतीस गुणांची नाही.

१०. आता आपल्या महाराष्ट्राकडे वळतो. मुंबईतल्या नागपाड्याची गोष्ट प्रत्येक नगरसेवकाला तोंडपाठ असायला हवी. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ सुरू केले. दाट वस्ती, कामगारांच्या चाळी, अरुंद गल्ल्या. त्या वस्तीच्या मधोमध पोरांना खेळायला जागा मिळाली, तिथे बास्केटबॉल रुजला. बच्चू खान यांच्यासारख्या प्रशिक्षकाने मोबदल्याकडे न पाहता पोरांच्या पिढ्यांना शिस्त लावली. आज तिथल्या महापालिकेच्या मैदानाला त्यांचेच नाव आहे. याच नागपाड्यातून अब्बास मुन्तसिर भारताच्या संघात गेले आणि १९७० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्यानंतरही या काही गल्ल्यांनी देशाला खेळाडू पुरवले. विचार करा: एक कोर्ट, एक समर्पित प्रशिक्षक आणि संध्याकाळी उघडे असलेले फाटक. एवढ्या भांडवलावर एका मोहल्ल्याने हे केले.

याच मुंबईत ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या बंदिस्त स्टेडियमवर एनबीएचे दोन सामने झाले. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचे. लाकडी कोर्ट, रोषणाई, सिनेतारे, सारे काही होते. मला त्या सोहळ्याचा हेवा नाही. त्यातून हजारो मुलांनी हा खेळ पहिल्यांदा जवळून पाहिला. प्रश्न एवढाच की त्या रात्री घरी परतलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी चेंडू घेऊन जायला जागा कुठे होती? शाळेचे मैदान लग्नसमारंभाला भाड्याने, सोसायटीच्या कोर्टावर गाड्या, पालिकेच्या मैदानाच्या फाटकाला कुलूप. दहावी आली की घरातूनच खेळ बंद. आणि ज्यांना चालू ठेवायचा असतो त्यांतले किती जण क्रीडागुणांची सवलत हाती पडेपर्यंतच खेळतात, हे क्रीडाशिक्षकांना विचारा. पुणे, मुंबई, नागपूर या शहरांतली जुनी क्रीडामंडळे आपापल्या परीने किल्ला लढवत आहेत. पण ज्या राज्याने नागपाडा पाहिला त्या राज्यात दुसरा नागपाडा उभा राहू नये, ही नामुष्की फक्त दिल्लीत बसलेल्यांची नाही, ती आपली आहे.

११. शेवटी जबाबदारी आणि मागणी. ऑगस्ट २०२५ मध्येच संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. क्रीडा संघटनांवर देखरेख करणारे मंडळ, तंटे सोडवणारे लवाद, कार्यकारिणीत खेळाडूंना आणि महिलांना जागा, अशा त्यात तरतुदी आहेत. बास्केटबॉल महासंघाला लागलेल्या रोगावर हेच औषध हवे होते. पण कायदा पुस्तकात असणे आणि कोणीतरी त्याचा आधार घेऊन प्रश्न विचारणे, यात अंतर असते. म्हणून या मागण्या. राष्ट्रीय संघाचे पुढच्या चार वर्षांचे वेळापत्रक, शिबिरे, परदेशी सराव सामने आणि त्यांवरचा खर्च महासंघाने जाहीर करावा. मुख्य प्रशिक्षकाशी चार वर्षांचा करार करावा आणि तो मुदतीआधी मोडला तर लेखी कारण द्यावे. लीगच्या तारखा निवडणुकीवर किंवा न्यायालयातल्या तारखांवर अवलंबून नसाव्यात. महिला संघाला पुरुषांइतकेच सराव सामने मिळावेत. राज्य संघटनेने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक छप्पर असलेले, घड्याळ बसवलेले कोर्ट कुठे आहे आणि कुठे नाही, याची यादी लावावी.

घाई का, असे कोणी विचारील. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे. २०३६ च्या ऑलिंपिकसाठी आपण हात वर केला आहे. २०३६ मध्ये जो मुलगा चोवीस वर्षांचा असेल, तो २०२६ मध्ये चौदाचा आहे, कुठल्या तरी शाळेत आठवी-नववीत. आत्ताच उंची वाढते आहे त्याची. तो चेंडू हाताळायला आज शिकला नाही तर दहा वर्षांनी आपल्याच देशातल्या प्रेक्षकांसमोर आपलाच संघ पन्नास गुणांनी हरताना पाहावा लागेल, आणि त्या वेळी कोणाला जाब विचारणार?

वाचकहो, महासंघाची कचेरी तुमच्या घरापासून दूर असेल, मैदान दूर नाही. तुमच्या वॉर्डातल्या मैदानाच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे आणि संध्याकाळी ते का उघडत नाही, एवढे उद्या जाऊन विचारा. उत्तर लेखी मागा.